विड्याचं पान आणि मागची पडवी

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी मी पालघरच्या बाजारातून विड्याची पानं आणते आणि दर वर्षी पानवालीशी भांडून येते. पानं शिळी असतात, कडेला काळपट झालेली असतात, आणि वर ती मलाच सांगते, "घ्या मावशी, केळव्याच्या मळ्यातली हायत, ताजी." मला सांगते! पानाचा देठ मोडला की जो तिखट, ओला वास नाकात चढतो, तो माझ्या अंगाला लहानपणापासून चिकटलेला आहे. आश्विन लागला, पाऊस मागे सरला, दुपारची उन्हं पाठ भाजायला लागली, की तो वास कुठूनही येतो. लोक म्हणतात आश्विन प्रसन्न असतो. असेल. मला या महिन्याचा राग आहे.

यंदा तो राग जेवणाच्या टेबलावर निघाला. माझी लेक नंदिनी नवरात्रासाठी पुण्याहून नवऱ्याला घेऊन आली होती. आता तिचीही पंचेचाळिशी उलटली. दुपारी जेवायला बसलो, वरणभात वाढून झाला, आणि ती सहज म्हणाली, "मागचे दोन महिने पाळी आलीच नव्हती आई, आणि आता आलीय तर जायचं नाव नाही." जावयाने ताकाचा पेला तिच्यापुढे सरकवला आणि विचारलं, "गोळी घेतलीस?" तिने पाकीट काढलं, गोळी तोंडात टाकली, वर ताक प्यायली. कढीपत्ता बाजूला काढून ठेवावा तितकं सोपं काम.

मग तिने डॉक्टरीणबाईंचं सगळं सांगितलं. वयाचंच आहे, पण नुसतं वयावर ढकलून मोकळं व्हायचं नसतं म्हणे. सोनोग्राफी केली, पिशवीचं अस्तर जाड दिसलं, म्हणून त्यातला तुकडा काढून तपासायला पाठवला. तो चांगला निघाला. आता अंगावरून कमी जावं म्हणून गोळ्या, रक्त वाढायला लोहाच्या गोळ्या. तेवढ्याने भागलं नाही तर हार्मोनच्या गोळ्या, किंवा पिशवीत बसवायची एक छोटी वस्तू असते, तिच्यातून औषध पाझरत राहतं. पिशवी काढणं अगदी शेवटी. "आणि ठरवायचं मी, असं स्पष्ट म्हणाली ती," असं सांगून नंदिनीने लोणच्याची बरणी मागितली.

मी बरणी जरा जोरातच ठेवली. लोणच्याचं तेल टेबलावर सांडलं. "काय झालं आई?" तिने विचारलं. मी म्हटलं काही नाही, पानं पुसायची राहिलीत. ओलं फडकं घेतलं आणि एकेक पान पुसत बसले. माझा राग नंदिनीवर नव्हता. तिला हे सगळं मिळालं याचा आनंदच आहे, आणि तिच्या आजीला मिळालं नाही याचा संताप आहे. 

आमचं घर बोईसरहून तारापूरला जाणाऱ्या रस्त्यालगत होतं. घरामागे चिकूची झाडं, त्यांच्यामागे विहीर आणि विहिरीपलीकडे पानमळा. केळवे-माहीमला असतात तसे मोठे मळे आमच्या बाजूला नव्हते, पण आमचा होता, आणि माझ्या वडिलांना, भाऊंना, त्याची घमेंड होती. शेवरी आणि पांगाऱ्याच्या झाडांवर चढवलेले वेल, वरून झावळ्यांची सावली, कुडाचं कुंपण आणि आत शिरायला विणलेल्या झावळीचं, झापाचं एकच दार. भर दुपारीही आत गार असायचं. दाराबाहेर चपला काढायच्या, अंघोळ केल्याशिवाय आत जायचं नाही, आत थुंकायचं नाही, शिवी द्यायची नाही. देवळात तरी लोक एवढं पाळत नाहीत. आणि पाळी आलेल्या बाईने मळ्याच्या दाराकडे फिरकायचंसुद्धा नाही. तिची सावली पडली तरी वेल जळतो, असं सगळे मानायचे. शिकलेले मानायचे, न शिकलेले मानायचे. मीही मानायची, मला तरी दुसरं कोणी काय सांगितलं होतं?

बाकीच्या घरांतल्या बाया मळ्यात क्वचितच जात. घरच्या ओट्यावर बसून पानं निवडायची, पुसायची, रचून करंडीत भरायची, एवढंच त्यांचं काम. माझी आई आत जायची. तिचा हात हलका होता. नवा फुटवा वर चढू लागला की त्याला केळीच्या सोपाच्या, म्हणजे खोडाच्या वाळलेल्या सालीच्या दोरीने आधाराला बांधावं लागतं. घट्ट बांधलं तर वेल कापला जातो, सैल बांधलं तर लोंबतो. आईने बांधलेला वेल कधी कापला गेला नाही. भाऊ बायकोचं कौतुक करणाऱ्यातले नव्हते, पण एकदा पाहुण्यांसमोर त्यांच्या तोंडून निघून गेलं, "वेल बांधावा तर आमच्या घरातून." नाव घेतलं नाही, पण आई दिवसभर गुणगुणत होती. घरात ती सून होती, भावजय होती, आमची आई होती. मळ्यात ती एकटी असायची आणि तिथे तिला कोणी हाक मारायचं नाही. तिच्या आयुष्यात तिला आवडलेली ती एकच जागा होती, हे मला फार नंतर कळलं.

ते साठ-सत्तरच्या मधलं एक वर्ष. तारापूरला वीजकेंद्राचं काम जोरात होतं. रस्त्याने लॉऱ्या धुरळा उडवत जायच्या, बोईसरच्या स्टेशनावर हिंदी ऐकू यायला लागली होती, आणि ज्याच्या त्याच्या ओटीवर प्लांटवरचा भाडेकरू येऊन बसला होता. आमच्याकडे शालन आणि तिचा नवरा होते. साताऱ्याकडची माणसं. तो फिटर, अबोल. ती तिशीची, ठसठशीत, बोलायला लागली की सगळ्या आळीला ऐकू जावं. आणि त्याच वर्षी भाऊंनी विहिरीवर तेलाचं इंजिन बसवलं. आधी रहाट होता, रेडा दमला की पाणी थांबायचं. इंजिन दमत नव्हतं. भाऊ दिवसभर ते चालू ठेवायचे, पाहुणे आले की हात धरून दाखवायला न्यायचे. गणपतीपुढे फिरावं तसे त्याच्याभोवती फिरायचे.

आईची चाळिशी उलटली होती. पावसाळ्यात तिची पाळी चुकली, मग पुढचीही चुकली. आमच्याकडे आत्या होती, भाऊंची थोरली बहीण, विधवा होऊन माहेरी आलेली. घरात तिचाच शब्द चाले. तिची पाळी जाऊन बरीच वर्षं झालेली, त्यामुळे ती बारा महिने तेरा काळ शुद्ध. मळ्यात जायची, देवघरात जायची, आणि कोण कधी बाजूला बसली यावर तिचं बारीक लक्ष. तिने आईला न्हाणीच्या दारात गाठलं. "यमुने, या वयात? पोर लग्नाला आली नि तुला दिवस?" आईचा चेहरा कसा झाला ते मला आजही दिसतं. "नाय अक्का, तसं काय नाय," ती म्हणाली. आत्या महिनाभर तिच्या पोटाकडे बघत होती.

आणि भाद्रपद लागता लागता ती आली, आई मळ्यात असताना. वेल बांधायला म्हणून वर केलेले हात तसेच राहिले, आणि पायावरून ओघळ घोट्यापर्यंत आला. मी दारात सोपाच्या दोऱ्या भिजवत बसले होते. आई बाहेर आली ती लुगड्याचा ओचा मुठीत धरून. "कावळा शिवला," एवढंच बोलली. तिला लपवता आलं असतं. विहिरीवर पाय धुऊन गप्प बसली असती तर कोणाला कळलं असतं? पण ती सरळ जाऊन आत्याला सांगून मोकळी झाली. मळ्याशी तिला खोटं वागायचं नव्हतं.

मग जो गोंधळ घातला आत्याने! गोमूत्र शिंपडलं, मळ्याच्या कोपऱ्यातल्या देवीला नारळ फोडला, आईला मागच्या पडवीत बसवलं. मागची पडवी म्हणजे घराच्या पाठीला काढलेली पत्र्याची पाखी, उतरतं छप्पर. तिथे एक गोणपाट, एक पितळी, एक पेला. बाजूला बसलेल्या बाईला पाणी वरून ओतायचं, भाकर लांबून टाकायची. तीनचार दिवसांचा प्रकार, सगळ्या बाया करत. मीही करत होते, आणि खरं सांगायचं तर त्या दिवसांत काम नसायचं म्हणून मला ते आवडायचंही. पण आईचे दिवस संपेनात. आठवडा गेला, पंधरवडा गेला. जरा थांबलं, तिने न्हाऊन घेतलं, चुलीशी आली, आणि दुपारपर्यंत परत गोणपाटावर. धुणं वाळत घालायला तिला स्वतंत्र दोरी होती, पेरवाच्या, म्हणजे पेरूच्या झाडामागे. त्या दोरीवरची फडकी कधी उतरलीच नाहीत.

आणि वेल पिवळे पडायला लागले. विहिरीकडची ओळ आधी. पानं मऊ पडली, मग खालून बुंधा काळा झाला, मग वेलच्या वेल मान टाकून लोंबायला लागले. आई त्या दिवशी मळ्यात होती ती याच ओळीत. झालं, आणखी पुरावा कोणाला हवा होता?

"बघ, बघ आपल्या कर्माची फळं," आत्या पडवीच्या दारात उभी राहून म्हणाली. "बापजाद्यांचा मळा. कधी असं झालं नव्हतं."

आई गोणपाटावरून म्हणाली, "अक्का, बुंध्याशी चिखल साचतोय. इंजिनाचं पानी जास्त होतंय. मी बांधताना पायाला गार चिखल लागायचा. यांना सांगा."

"आता इंजिनावर ढकल," आत्या म्हणाली.

भाऊ अंगणात होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. पायात चपला घातल्या आणि इंजिन सुरू करायला गेले. जाताना एवढंच म्हणाले, "पाळी जाईस्तोवर मळ्यात पाऊल टाकायचं नाय." बायकोकडे बघून बोलले असते तरी एक वेळ मी समजले असते. ते पेरवाच्या झाडाकडे बघून बोलले.

माणूस रागावलेला असला की त्याला समजावता येतं. भाऊ रागावले नव्हते. त्यांना ते मनापासून पटलेलं होतं, आणि त्यावर काही इलाज नसतो. मला आजही कोणी 'भोळीभाबडी माणसं, श्रद्धाळू माणसं' असं कौतुकाने म्हणालं की मी तिथून उठून जाते.

औषधं झाली, नाही असं नाही. अशोकाच्या सालीचा काढा, दुर्वांचा रस, दुधात वाटलेल्या जास्वंदीच्या कळ्या, तांदळाचं धुवण. मुरबे गावची कोळीण मासे घेऊन यायची, ती म्हणाली, "आमच्यात एक बाय हाय, ती मंतरलेला दोरा देते." तोही बांधला. शेजारणी यायच्या, लांब उभ्या राहून सल्ला द्यायच्या. एक म्हणे गरम खाऊ नको, दुसरी म्हणे थंड खाऊ नको. दोघींचं ऐकून आई काहीच खाईना. "जायच्या वेळी असंच धुऊन जातं गो, मग सुटलीस," असं सगळ्याच म्हणायच्या. त्यांत वाईट हेतू कोणाचाच नव्हता. पण आईची नखं पांढरी पडली होती, ओठ आणि गाल यांचा रंग एक झाला होता, पडवीची एक पायरी चढली तरी ती खांबाला धरून उभी राहायची. ते बघायला सगळ्यांना डोळे होते.

घट बसले. घराघरांत सवाष्णींच्या ओट्या भरायला लागल्या. आमच्या घरातली सवाष्ण पत्र्याखाली बसून आरतीच्या टाळ्या ऐकत होती. घटावर सोडायची पानांची माळ दर वर्षी तीच करायची. त्या वर्षी मी केली, दोरा घट्ट ओढला आणि पानं फाटली. आई लांबून बघत होती. "सैल धर गो," ती म्हणाली. देवीला जे पान लागतं, लग्नाला, बारशाला, सुपारी फुटायला जे पान लागतं, ते जिच्या हातांनी वाढलं तिला ते शिवायचं नव्हतं. सोळाव्या वर्षी मला यातली गंमत कळली नाही. आता कळते, आणि हसू येत नाही.

शालन हे सगळं दोन महिने बघत होती. भाडेकरूने घरमालकाच्या घरात बोलू नये एवढी रीत तिला माहीत होती. पण एक दिवस ती धुण्याची बादली खाली ठेवून सरळ पडवीत शिरली आणि आईच्या गोणपाटावर बसली. आत्या किंचाळली. शालनने मान वळवली नाही.

"वैनी, तोंड बगितलं का आरशात? रगत न्हाई ऱ्हायलं अंगात. आमच्याकडं बाया या दिसांत कांद्याची लावण करत्यात, कांदा काय मरत न्हाई. उद्या माज्यासंगं डाक्टरकडं चला."

"यांना विचारते," आई म्हणाली.

"इचारा. न्हाई म्हणलं तरी चला."

बोईसरहून गाडीत बसून त्या दोघी आणि मी पालघरला गेलो. डॉक्टरीणबाई वयस्क होत्या, चष्मा साखळीला लावलेला. त्यांनी आईची पापणी खाली ओढून बघितली. मग तपासलं. मग समजावून सांगितलं, आणि ते आईला सांगितलं, शालनला किंवा मला नाही. या वयात पाळी अशी बेभरवशाची होते, कधी महिनोन्महिने नाही, कधी थांबत नाही. पण इतकं जात असेल तर आत काही वाईट नाही ना हे बघावं लागतं. त्यासाठी मुंबईला पिशवी आतून खरवडून घ्यायची, ते तपासतात, आणि पुष्कळदा तेवढ्यानेच अंगावर जाणं कमी होतं. रक्तासाठी लोहाची इंजेक्शनं आजपासूनच. मग काही महिने हार्मोनच्या गोळ्या घेऊन बघायच्या. "वर्षा-दोन वर्षांत पाळी आपली आपण जाईल. तोवर तुम्हाला धडधाकट ठेवायचं, एवढंच आपलं काम." आणि कशानेच जमलं नाही तर शेवटी पिशवी काढायची, पण ती शस्त्रक्रिया मोठी, अंगात रक्त नसताना धोक्याची.

आईने सगळं ऐकून एकच विचारलं, "गोळ्यांनी ती कधी येनार ते कळेल का? म्हंजे आधी ठाव असलं की मी मळ्यात जानार नाय त्या दिवशी."

डॉक्टरीणबाईंना मळ्याचं काही कळलं नाही. पण त्या म्हणाल्या, "हो, बरंचसं ठरावीक होईल." परतीच्या गाडीत आई खिडकीशी बसली होती. उमरोळी स्टेशन गेलं, कापून ठेवलेलं गवत दिसायला लागलं. ती माझ्याकडे वळून हसली. कितीतरी दिवसांनी हसली. गोळ्या घ्यायच्या, दिवस ओळखायचे, आणि बाकीचे सगळे दिवस आपल्या वेलांत. तिचं इतकंच मागणं होतं.

घरी आत्या आणि भाऊ दोघंही ओटीवर बसलेले. शालनने डॉक्टरीणबाईंचं सगळं जसंच्या तसं सांगितलं. खरवडून घेणं, इंजेक्शनं, गोळ्या. भाऊ जमिनीकडे बघत ऐकत होते. शेवटी तिने पिशवी काढण्याचं सांगितलं तेव्हा त्यांनी मान वर केली.

"म्हंजे मग पाळीच नाय?"

"न्हाई. पन ते शेवटचं म्हनल्यात. जिवाला धोका हाय."

भाऊंनी आत्याकडे बघितलं, आत्याने भाऊंकडे. त्या नजरेत जे झालं ते मला तिथल्या तिथे कळलं. दोन महिने ज्या बाईला दवाखाना दाखवायला कोणाला सवड झाली नव्हती, तिला मुंबईला न्यायचं पाच मिनिटांत ठरलं.

"मला आधी गोळ्या घेऊन बघू द्या," आई म्हणाली.

"गोळ्यांचा काय भरवसा? उद्या परत मळ्यातच आली तर?" भाऊ म्हणाले. "एकदाची कटकट जाऊ दे. मग बारा महिने ये नि जा."

आईने दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा नाही. मी मध्ये बोलले तर आत्याने डोळे वटारले, पोरीने या विषयात तोंड घालायचं नसतं. शालन उठून आपल्या खोलीत गेली आणि तिने भांडी घासायला घेतली. त्या भांड्यांचा आवाज सगळ्या आळीला ऐकू गेला असेल.

मुंबईच्या इस्पितळात त्यांनी सांगितलं, आधी रक्त चढवावं लागेल, नातेवाइकांनी द्या. नातेवाईक! काकांना चक्कर यायची सवय होती. मामांचं पोट बिघडलं होतं. भाऊ म्हणाले, "मला इंजिनाचं हँडल मारायचं असतं, अशक्तपणा आला तर मळा कोन बघनार?" शेवटी शालनच्या नवऱ्याने दिलं. प्लांटवर खाडा करून तो अबोल माणूस आला, बाही वर करून झोपला, आणि चहा पिऊन परत गेला. आत्याला हे कळलं तेव्हा तिने विचारलं, "जात कुठली त्याची?"

पिशवी काढली. आई वाचली. वाचली म्हणून तर सांगतेय. तिला खाटेवर पडून हलता येत नव्हतं, टाके दुखायचे, एकाएकी अंगातून वाफा यायच्या, घाम फुटायचा, डोळ्याला डोळा लागायचा नाही. तपासलेली पिशवी चांगली निघाली होती. वाईट काहीही नव्हतं तिच्यात. डॉक्टर म्हणाले ते आनंदाने म्हणाले, आणि भाऊंनी ते आनंदाने ऐकलं. आईने ऐकलं आणि भिंतीकडे कूस केली.

मधल्या काळात तिकडे मळ्यात काय झालं? उरलेल्या सगळ्या ओळी गेल्या. आई घर सोडून मुंबईत होती, तिची सावलीसुद्धा मळ्यावर पडली नव्हती, तरी गेल्या. शेतीखात्याचा माणूस बघायला आला, त्याने बुंध्याशी हात घालून काळी, कुजकी मुळी बाहेर काढली आणि म्हणाला, "पाणी साचून सडलेत हो. इतकं पाणी कशाला पाजता?" भाऊंनी मुळी हातात घेतली, वास घेतला, टाकून दिली. मी वाट बघत होते. त्या दिवशी, दुसऱ्या दिवशी, त्या सबंध थंडीत मी वाट बघत होते की भाऊ एकदा तरी काही म्हणतील.  इंजिन मात्र कमी वेळ चालायला लागलं.

पुढच्या पावसाळ्याच्या तोंडावर नवं बेणं लावलं. चांगलं धरलं. आश्विनापर्यंत वेल कमरेच्या वर आले, बांधायला झाले. तोवर आईही हिंडूफिरू लागली होती, चुलीशी बसत होती, गालांवर रंग आला होता. एका सकाळी भाऊ सोपाच्या दोऱ्यांचा भारा घेऊन अंगणात आले. आत्याने हळदकुंकवाचं ताट तयार ठेवलं होतं. तिने स्वतः आईला कुंकू लावलं, म्हणाली, "चल यमुने, आता तुला बंदी नाय." भाऊ चक्क हसत होते. मला वाटतं त्यांना खरंच वाटत होतं की आपण हिला काहीतरी दिलं.

आईने दोऱ्यांकडे बघितलं. हात पुढे केला नाही. ती मागे वळली, घरातून मागच्या पडवीत गेली, कोपऱ्यात गुंडाळून ठेवलेलं गोणपाट तिने अंथरलं, आपली पितळी आणि पेला शेजारी घेतला, आणि बसली.

भाऊ दारात आले. "हे काय?"

"मी बाजूला बसलेय," आई म्हणाली.

"आता कसली पाळी तुला?"

"मी बाजूला बसलेय. लांबून बोला."

आत्या ओरडली, भाऊ ओरडले, मग गयावया करून झाली. आई मळ्याकडे पाठ करून बसली होती. संध्याकाळी मी तिला भाकर द्यायला गेले तर म्हणाली, "वरून टाक. शिवू नको." तिचा आवाज शांत होता. मला वाटलं होतं दोन दिवसांत निवळेल. चार दिवस झाले, ती न्हाली, चुलीशी आली, घरचं सगळं करू लागली. पण मळ्याचं काम निघालं, कोणी सोपाच्या दोऱ्या भिजवल्या, पानांची करंडी ओट्यावर आली, की ती उठायची आणि पडवीत जाऊन बसायची. त्या वर्षी, त्याच्या पुढच्या वर्षी, माझं लग्न होऊन मी पालघरला आले त्याच्याही नंतर. भाऊंनी वेल बांधायला गडी ठेवले. कोणाचं घट्ट व्हायचं, कोणाचं सैल. पानाचा आकार गेला. आईने त्या दिवसानंतर विड्याचं पान हातात धरलं नाही, तोंडात घातलं नाही, कोणी पुढे केलं तर हात मागे घ्यायची. लोक म्हणायचे, यमुनाबाईंच्या डोक्यावर ऑपरेशनचा परिणाम झालाय. तिच्या डोक्याला काही झालं नव्हतं. घरात तेवढं एकच डोकं ठिकाणावर होतं.

मी हे नंदिनीला कधी सांगितलं नाही. तिची आजी तिला आठवते ती ओटीवर बसून तांदूळ निवडणारी, कमी बोलणारी. परवा पानं पुसताना ती येऊन बसली, एक पान उचलून म्हणाली, "तू पानांवर एवढी का चिडतेस ग?" मी म्हटलं, "तू तुझ्या गोळ्या वेळेवर घे."

आई गेली तीही आश्विनातच, भाऊंच्या आधी. सवाष्ण गेली म्हणून बाया जमल्या, तिला हिरवं लुगडं नेसवलं, मळवट भरला. आत्या तेव्हा नव्हती. कोणीतरी म्हणालं, तोंडात विडा द्यायचा असतो, पान आणा. भाऊ खूप थकले होते, काठीने चालायचे, पण कोणाला जाऊ दिलं नाही. स्वतः मळ्यात गेले, चपला दाराबाहेर काढल्या, आणि एक पान खुडून आणलं. चांगलं पान होतं, रुंद, कोवळं. ते वाकले आणि ते पान त्यांनी तिच्या ओठांपाशी नेलं.

मी त्यांचा हात धरला.

"नाही भाऊ," मी म्हटलं. "ती बाजूला बसलीय."